न परतलेल्यांचा हिशेब

शिशाच्या अणुगर्भात ८२ प्रोटॉन असतात, ऑक्सिजनच्या अणुगर्भात ८. दोन्ही धनभारित, म्हणून एकमेकांना दूर लोटणारे. ऑक्सिजनचा अणुगर्भ प्रकाशाच्या एक दशांशाहून किंचित जास्त वेगाने शिशाच्या रोखाने सोडला, तर जवळ जाता जाता तो मंदावत जातो. दोघांच्या केंद्रांमधलं अंतर १२ फर्मींवर आलं की केवळ या विद्युत प्रतिकर्षणापायी सुमारे ७९ एमईव्ही ऊर्जा खर्ची पडलेली असते. (फर्मी म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग आणि एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट.) ऑक्सिजनच्या अणुगर्भाची त्रिज्या साधारण ३ फर्मी, शिशाच्या अणुगर्भाची ७. म्हणजे १२ फर्मींवर दोघं अजून एकमेकांना नीटसे टेकलेलेही नाहीत. पण त्यांच्या कडा काही एकदम संपत नाहीत, त्या विरळ होत जातात. या विरळ कडा एकमेकींत शिरू लागतात तेव्हा प्रोटॉन-न्यूट्रॉनांना एकत्र बांधून ठेवणारं आकर्षणाचं बल कामाला लागतं. विद्युत बल दूर लोटतंय आणि अणुगर्भीय बल आत ओढतंय, अशी ही जागा आहे. त्या दोघांच्या बेरजेतून ऊर्जेचा एक उंचवटा तयार होतो. त्याला कूलोम बॅरिअर म्हणतात.

या जागी अणुगर्भीय बल नेमकं किती असतं? तिथे कोणतंही उपकरण नेऊन लावता येत नाही. अब्जावधी अणुगर्भ सोडायचे आणि कोणत्या कोनात किती बाहेर पडले ते मोजायचं, एवढंच आपल्या हातात असतं. त्यातही सगळ्यात साधी घटना निवडायची: दोन्ही अणुगर्भ जसे आले तसेच, आतून अजिबात न ढवळले जाता, फक्त दिशा बदलून निघून गेले. याला स्थितिस्थापक प्रकीर्णन म्हणतात. यात काहीच घडलं नाही असं वरवर वाटतं. पण दोन जड अणुगर्भांमधल्या बलाबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं याच घटनेतून हाती आलं आहे. आणि माझ्या मते यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट अशी की, जसेच्या तसे परतलेले अणुगर्भ प्रत्यक्षात न परतलेल्यांची माहिती देतात.

सुरुवात अर्थातच रदरफर्डपासून. १९०९ मध्ये मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन यांनी धातूंच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कण (म्हणजे हेलियमचे अणुगर्भ) सोडले, काही चक्क मागे फिरले, आणि १९११ मध्ये रदरफर्डने त्यावरून अणुगर्भाची कल्पना मांडली. त्याच्या सूत्रात फक्त विद्युत प्रतिकर्षण आहे. सोन्यावरच्या प्रयोगांना ते चपखल लागू पडलं, कारण त्या अल्फा कणांत सोन्याच्या अणुगर्भापाशी पोचण्याइतका जोरच नव्हता. तेव्हा अणुगर्भीय बल शोधायचं तर रदरफर्डचं सूत्र कुठे चुकतं ते पाहायला हवं. १९५४ मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात फारवेल आणि वेग्नर यांनी सायक्लोट्रॉनवर हेच केलं. डिटेक्टर एका कोनात ठेवला आणि अल्फा कणांची ऊर्जा वाढवत नेली. एका मर्यादेपर्यंत मोजणी सूत्राबरहुकूम आली आणि मग एकदम कोसळली. जॉन ब्लेअर यांनी त्याचा सरळ अर्थ लावला: अणुगर्भाला जो कण स्पर्श करतो तो हरवतो. तो गिळला जातो, मोडतो किंवा आतून उत्तेजित होतो. काहीही झालं तरी स्थितिस्थापक म्हणून तो परत येत नाही.

असा प्रयोग कसा होतो ते जवळून पाहायचं तर मुंबईतच पाहता येईल. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचा पेलेट्रॉन हा कणवेगक १९८८ पासून आहे. तो उभ्या मनोऱ्यात आहे. वरच्या टोकाला ऑक्सिजनच्या अणूला एक जादा इलेक्ट्रॉन देऊन तो ऋणभारित करतात. मनोऱ्याच्या मध्यावर टर्मिनल असतं, ते १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत धनभारित ठेवता येतं. ऋणभारित ऑक्सिजन तिकडे खेचला जातो. तिथे कार्बनचा एक अतिशय पातळ पापुद्रा लावलेला असतो. त्यातून आरपार जाताना ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन खरवडले जातात, आणि जो आत्तापर्यंत ऋणभारित होता तो धनभारित होऊन बाहेर पडतो. आता तेच टर्मिनल त्याला खाली ढकलतं. म्हणजे एकाच व्होल्टेजचा दोनदा उपयोग. टर्मिनल १ कोटी २० लाख व्होल्टवर असेल आणि ऑक्सिजनवर सहा एकक धनभार उरला असेल, तर खाली येईपर्यंत त्याला ८४ एमईव्ही ऊर्जा मिळते. शिसंही धक्क्याने थोडं मागे सरकतं, ते वजा जाता खऱ्या टकरीला ७८ एमईव्ही उरतात. म्हणजे बॅरिअरच्या थोडंसंच वर.

पुढे चुंबक हा झोत वळवून निर्वात चेंबरमध्ये आणतो. मधोमध शिशाचा पापुद्रा, जाडी मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाइतकी. भोवती फिरत्या हातावर सिलिकॉनचे डिटेक्टर. अगदी लहान कोनांत आणखी दोन डिटेक्टर कायमचे बसवलेले असतात. तिथे रदरफर्डचं सूत्र हमखास लागू पडतं, त्यामुळे एकूण किती ऑक्सिजन आला याचा अंदाज त्यांच्या मोजणीवरून बांधता येतो. त्यांना मॉनिटर म्हणतात. पडद्यावर ऊर्जेच्या आलेखात एक उंच शिखर दिसतं, ते स्थितिस्थापक घटनांचं. शिशाचा अणुगर्भ उत्तेजित झाला तर ऑक्सिजनची ऊर्जा किमान २.६१ एमईव्हीने कमी भरते, आणि त्या घटनांचं छोटं शिखर शेजारी वेगळं उठतं. ऑक्सिजन-१६ आणि शिसं-२०८ ही जोडी संशोधकांची इतकी आवडती का, त्याचं उत्तर इथे आहे. दोघंही आतून अतिशय घट्ट बांधलेले, सहजी उत्तेजित न होणारे, त्यामुळे शिखरं एकमेकांत मिसळत नाहीत. मागच्या कोनांत मात्र कण इतके तुरळक येतात की तिथे मोजणी तासन् तास चालू ठेवावी लागते.

मिळालेले आकडे तसेच मांडले तर काही कळत नाही. रदरफर्डचं सूत्रच असं आहे की लहान कोनांत कोन दुप्पट केला की संख्या जवळजवळ सोळा पटीने घटते. या प्रचंड उतारात बारीक तपशील बुडून जातो. म्हणून प्रत्यक्ष मोजणीला सूत्राने सांगितलेल्या संख्येने भागतात आणि ते गुणोत्तर कोनासमोर मांडतात. हा आलेख लक्षपूर्वक पाहण्यासारखा असतो. लहान कोनांना तो १ वर सपाट असतो. मग थोडा लहरतो, १ च्या वर जरासा उचलतो आणि तिथून सरळ उताराला लागतो. ऑक्सिजनचा अणुगर्भ तरंगही असतो, आणि या ऊर्जेला त्याची तरंगलांबी सुमारे ०.८४ फर्मी भरते, म्हणजे अडथळ्याच्या आकाराच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. प्रकाश एखाद्या धारदार कडेवरून जातो तेव्हा सावलीच्या सीमेबाहेर उजेड-अंधाराच्या पट्ट्या दिसतात आणि खुद्द सीमेवर प्रकाशाची तीव्रता मूळच्या बरोबर एक चतुर्थांश असते, हे फ्रेनेलने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलं होतं. केपटाऊनचे फ्रान यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की जड अणुगर्भांच्या प्रकीर्णनाचं गणित तेच आहे. आलेखात गुणोत्तर १/४ वर येतं तो कोन शोधायचा. त्या कोनात निघालेला कण शिशाच्या किती जवळ गेला असेल ते साध्या सूत्रावरून काढायचं. ऑक्सिजन-शिसं जोडीसाठी हे अंतर साडेबारा फर्मींच्या आसपास येतं, आणि ऊर्जा बदलली तरी ते फारसं बदलत नाही. हीच ती सावलीची कड. नुसत्या कोनांच्या मोजणीतून लाख कोटीव्या भागातलं अंतर इतकं पक्कं हाती यावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

अंतर कळलं, पण बल अजून कळलं नाही. त्यासाठी पोटेन्शियल लिहावं लागतं, म्हणजे कोणत्या अंतरावर परस्परक्रियेची ऊर्जा किती, याचं सूत्र. १९५४ हे वर्ष या विषयात फार महत्त्वाचं. त्याच वर्षी एमआयटीत फेशबाख, पोर्टर आणि वाइसकॉफ यांनी न्यूट्रॉनांच्या प्रकीर्णनासाठी संमिश्र संख्यांत लिहिलेलं पोटेन्शियल वापरलं. त्याचा वास्तव भाग नेहमीप्रमाणे ओढतो किंवा लोटतो. काल्पनिक भाग असलेल्या प्रदेशातून तरंग गेला की तो क्षीण होत जातो. अर्धपारदर्शक काचेतून प्रकाश वळतोही आणि शोषलाही जातो, त्याच गणितावरून हे घेतलेलं असल्यामुळे त्याला ऑप्टिकल मॉडेल असं नाव पडलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात वुड्स आणि सॅक्सन यांनी पोटेन्शियलला आकार दिला: मध्यभागी सपाट, काठाशी गुळगुळीत उतरत शून्यावर जाणारा. खोली, त्रिज्या आणि काठाचा विरळपणा, असे तीन आकडे. वास्तव भागासाठी तीन आणि काल्पनिक भागासाठी तीन. संगणकाने हे सहा आकडे हलवत राहायचं आणि आलेख जुळवायचा.

आलेख जुळतोही, आणि अडचण तिथेच सुरू होते. १९५८ मध्ये जॉर्ज आयगो यांनी अल्फा कणांच्या प्रकीर्णनात दाखवलं की पोटेन्शियलची मधली खोली कितीही वेगवेगळी घेतली, तरी बाहेरच्या काठाशी दोन पोटेन्शियलं सारखी असतील तर दोन्ही प्रयोगाशी सारखीच जुळतात. कारण उघड आहे. आत शिरलेला कण परतत नाही, मग आतल्या खोलीची साक्ष द्यायला कोण येणार? म्हणून जुळलेला आलेख हा काही पुरावा मानता येत नाही. या विषयातल्या निष्कर्षांकडे पाहताना, त्यांचं पोटेन्शियल नेमकं कोणत्या अंतरापाशी खात्रीने ठरलेलं आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

आकडे जुळवण्याऐवजी मुळापासून बांधणी करायची, हा दुसरा रस्ता. ऑक्सिजनमधले १६ न्यूक्लिऑन (म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून), शिशातले २०८. प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावली तर ३,३२८ जोड्या होतात. दोन्ही अणुगर्भांत न्यूक्लिऑनांची घनता कशी पसरली आहे ते इलेक्ट्रॉन प्रकीर्णनातून बरंच कळतं, दोन न्यूक्लिऑनांमधलं बलही स्वतंत्रपणे ठाऊक असतं. मग दोन्ही घनतांवरून त्या बलाची बेरीज करायची. ही डबल फोल्डिंगची पद्धत. यासाठी १९७७ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या बर्ट्श आणि सहकाऱ्यांनी तयार केलेलं एम३वाय नावाचं बल फार चाललं. शिवाय न्यूक्लिऑन एकमेकांसारखेच असल्यामुळे ऑक्सिजनमधला एक आणि शिशातला एक यांची अदलाबदल झाली तरी ओळखू येत नाही. या अदलाबदलीचा हिस्साही बेरजेत धरावा लागतो, तो मोठा असतो.

सॅचलर आणि लव्ह यांनी १९७९ मध्ये या पद्धतीने अनेक जोड्यांचा आढावा घेतला. हिशेबाने काढलेलं पोटेन्शियल एका गुणकाने थोडं कमी-जास्त करायची मुभा त्यांनी ठेवली होती. बहुतेक ठिकाणी गुणक १ च्या जवळ आला. न्यूक्लिऑनांपासून सुरुवात करून दोन अख्ख्या अणुगर्भांमधलं बल असं बाहेर यावं, हे मोठंच यश होतं. अपवाद फक्त लिथियम-६ आणि बेरिलियम-९ यांचे. तिथे पोटेन्शियल जवळजवळ निम्मं केल्याशिवाय जुळेना.

हलक्या अणुगर्भांच्या काही जोड्या मात्र आतलीही बातमी देतात. १९८९ मध्ये बर्लिनच्या हान-माइटनर संस्थेतल्या प्रयोगांत ३५० एमईव्हीचा ऑक्सिजन ऑक्सिजनवरच सोडला. तिथे शोषण इतकं कमी होतं की काही कण एकमेकांच्या पोटातून जाऊन, अपवर्तन होऊन बाहेर पडले. पावसाच्या थेंबात इंद्रधनुष्य ज्या कारणाने बनतं त्याच कारणाने इथेही ठराविक कोनाशी कणांची गर्दी होते, म्हणून त्याला अणुगर्भीय इंद्रधनुष्य म्हणतात. त्याच्या विश्लेषणातून मधली खोली ठरली, ती बरीच मोठी निघाली. हनोईचे दाओ तिएन खोआ आणि त्यांचे जर्मन सहकारी त्याही पुढे गेले. दोन अणुगर्भ एकमेकांत घुसतात तेव्हा घनता वाढते आणि वाढलेल्या घनतेत न्यूक्लिऑनांमधलं बल बदलतं, हा बदल त्यांनी पोटेन्शियलमध्ये घेतला. अणुगर्भीय द्रव्य दाबायला किती कठीण आहे याचा अंदाज त्यातून येतो, आणि न्यूट्रॉन ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना तो हवाच असतो.

आता शिशाकडे आणि बॅरिअरकडे परत. इंग्लंडमधल्या डेअर्सबरीच्या वेगकावर ऑक्सिजन आणि शिसं यांचं प्रकीर्णन बॅरिअरच्या अगदी जवळच्या ऊर्जांना बारकाईने मोजलं गेलं. १९८५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ऊर्जा कमी करत बॅरिअरकडे आलं की पोटेन्शियलचा काल्पनिक भाग झपाट्याने घटत होता. हे अपेक्षितच होतं, कारण जवळ जाताच येत नसेल तर हरवायला वाव कुठून? पण वास्तव भाग, म्हणजे शुद्ध आकर्षण, त्याच ऊर्जांना वाढत होता. फोल्डिंगने दिलेलं बल या पट्ट्यात लक्षणीय कमी पडत होतं. न्यूक्लिऑन तेच, घनता तीच, मग आकर्षण ऊर्जेनुसार का बदलावं? या प्रकाराला उंबरठ्यावरची विसंगती म्हटलं गेलं.

उत्तर नागराजन, माहो आणि सॅचलर यांनी त्याच वर्षी दिलं, आणि ते कार्यकारणभावातून आलं. लाट येऊन पोचण्याआधी तिचा परिणाम बाहेर पडू शकत नाही. एवढ्या एका अटीवरून क्रोनिग आणि क्रामर्स यांनी १९२६-२७ मध्ये प्रकाशासाठी एक सूत्र मांडलं होतं: माध्यम कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषतं हे सगळं ठाऊक असेल, तर ते प्रकाशाला किती वळवतं हेही ठरून जातं. दोन्ही गोष्टी स्वतंत्र नाहीत. अणुगर्भांच्या पोटेन्शियललाही हेच लागू आहे. काल्पनिक भाग एखाद्या ऊर्जेपाशी झपाट्याने बदलत असेल, तर वास्तव भागाने त्याच ठिकाणी उंचवटा दाखवलाच पाहिजे. मोजलेल्या शोषणावरून आकर्षणाचा हिशेब केला, तेव्हा दिसलेला उंचवटा त्यात जवळजवळ जसाच्या तसा आला.

यामागे प्रत्यक्ष काय घडतं तेही समजतं. बॅरिअरपाशी आलेले अणुगर्भ एकमेकांच्या प्रभावाखाली थोडे ताणले जातात, क्षणभर उत्तेजित होतात, एखादा न्यूक्लिऑन इकडून तिकडे जाऊन परत येतो. शेवटी दोघं मूळ अवस्थेत परततात, त्यामुळे मोजणीत ही घटना स्थितिस्थापकच धरली जाते. पण मधल्या या अल्पकाळच्या फेरीमुळे त्यांच्यातलं आकर्षण वाढतं. बॅरिअर खाली येतो, आणि म्हणूनच बॅरिअरखालच्या ऊर्जांना दोन अणुगर्भ एकजीव होण्याचं प्रमाण साध्या अपेक्षेपेक्षा खूप जास्त निघतं. तोवर हा वेगळा प्रश्न समजला जात होता. तेव्हा दोन अणुगर्भांमधलं बल केवळ त्यांच्या घनतांवरून ठरत नाही. त्यांना त्या ऊर्जेला आणखी काय काय होता आलं असतं, यावरही ते ठरतं.

मग लिथियम-६ आणि बेरिलियम-९ यांचं काय? लिथियम-६ म्हणजे जवळपास अल्फा कण आणि ड्यूटेरॉन (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन) यांची सैल जोडी, १.४७ एमईव्हीत सुटणारी. बेरिलियम-९ मधला न्यूट्रॉन १.६६ एमईव्हीत निघून जातो. जपानमध्ये क्युशू विद्यापीठातल्या गटाने १९८० च्या दशकात हे मोडणं गणितात धरलं. जे तुकडे होऊन पुन्हा जुळतात त्यांच्या या फेऱ्या आकर्षणाऐवजी प्रतिकर्षण निर्माण करतात असं त्यातून निघालं, आणि सॅचलर-लव्ह यांचा निम्म्यावर आलेला गुणक उलगडला. बॅरिअरपाशीही या अणुगर्भांचं वागणं वेगळं असतं. त्यांचं मोडणं बॅरिअरच्या खालीही चालू राहतं, त्यामुळे काल्पनिक भाग ऑक्सिजनप्रमाणे घटत नाही, काही जोड्यांत तर वाढताना दिसतो. कुलाब्याच्या पेलेट्रॉनवर लिथियम आणि बेरिलियम अनेक लक्ष्यांवर सोडून या प्रश्नाची मोजमापं वर्षानुवर्षं झाली आहेत. त्या क्षेत्रात ती आधाराला धरली जातात.

सगळ्यात टोकाचं उदाहरण बेरिलियम-११ चं. त्याचा शेवटचा न्यूट्रॉन अवघ्या अर्ध्या एमईव्हीने अडकलेला असतो आणि बाकीच्या गाभ्यापासून खूप दूरवर पसरतो. बेरिलियमची ९, १० आणि ११ ही समस्थानिकं (त्यातली १० आणि ११ सर्नच्या इझोल्डे केंद्रात) जस्त-६४ वर साधारण सारख्याच ऊर्जेला सोडली, आणि २०१० मध्ये त्याचे निकाल प्रसिद्ध झाले. पहिल्या दोघांचे आलेख ओळखीचे होते: सपाट, मग किंचित उचलणारा, मग उतार. बेरिलियम-११ च्या आलेखातला उचलणारा भाग जवळजवळ नाहीसाच झाला होता आणि लहान कोनांपासूनच घसरण दिसत होती. एकूण हरवणाऱ्यांचं प्रमाण इतर दोघांच्या दुपटीहून जास्त निघालं. आलेख जुळवायला काल्पनिक भागाचा काठ सुमारे ३.५ फर्मी इतका विरळ घ्यावा लागला. एरवी हा आकडा ०.६ च्या आसपास असतो. त्या एका सैल न्यूट्रॉनामुळे शोषणाची कड जस्ताच्या पृष्ठभागापासून कितीतरी बाहेर सरकली होती, इतकी की दोघांचे गाभे एकमेकांच्या बलाच्या टप्प्यात यायच्या आधीच बेरिलियम-११ चे कण मोजणीतून गळू लागले होते.